हलगी, ८०८ आणि दोन भाषांचा रॅप: मिक्स घासतंय, आणि क्रेडिटमध्ये कुणाचं नाव कुठं?

वडगावचा_खटका

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या वडगावात घरच्या खोलीत एक गाणं रेकॉर्ड झालंय. रिलीज करायच्या आधी काही गोष्टी नीट करून घ्यायच्या आहेत.

गाण्याची मांडणी सांगतो. ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके), एफ मायनर, बीट एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरात. धून रॉयल्टी-फ्री सॅम्पल पॅकमधल्या एका लूपचे तुकडे करून बसवलीय. गल्लीतल्या मागाचा आवाज फोनवर टिपून स्नेअरच्या खाली घातलाय. वरती खरी हलगी, इथल्याच पथकातल्या मामांनी वाजवलेली. पहिला व्हर्स मराठी, दुसरा कन्नड, दोन वेगळे रॅपर, ज्याचे शब्द त्याचे. हूक, म्हणजे परत परत येणारा मुखडा, एका मुलीनं गायलाय. त्याचे शब्द मराठी रॅपरचे, खरं चाल तिनं बसवलेली. मिक्स टिळकवाडीतला मित्र करतोय.

अडचणी अशा:

हलगी आणि हाय-हॅट (बीटमधली टिकटिक करणारी झांज) एकमेकांवर घासतात. हलगी सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर ओढली तर तिच्यातला जीवच जातो.

हेडफोनवर ८०८ (बीटमधला खोल बेस) दणदणीत, फोनवर गायब. डॉल्बीवर, म्हणजे मिरवणुकीच्या मोठ्या स्पीकरवर, लावून बघितलं तर बेस पोकळ.

आणि क्रेडिट. बीट करणारा म्हणतो निम्मं माझं आणि निर्माता म्हणून एकट्याचं नाव. मिक्सवाल्यालाही निर्मितीत नाव पाहिजे. हलगीवाल्या मामांना रोख मानधन दिलंय. त्यांचं नाव घालायचंच आहे, खरं कुठल्या रकान्यात ते कळेना. अपलोडच्या फॉर्ममध्ये कंपोझर, लिरिसिस्ट, प्रोड्यूसर, परफॉर्मर असं सगळं वेगवेगळं विचारलंय.

---

संबळ_ते_सॅम्पलर

हलगीचं आधी घेऊ, कारण ती बसल्याशिवाय पुढचं मिक्स बसणार नाही.

घासतंय ते बहुतेक चालीमुळं. पथकातली हलगी पुष्कळदा तिनाच्या झोक्यात वाजते, एका ठोक्याचे तीन भाग पाडून. तुमची हॅट सरळ चाराच्या भागांवर लिहिलेली असणार. ९० बीपीएमला एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा. त्याचा तिसरा भाग २२२, चौथा भाग १६७. म्हणजे ठोक्यानंतरची हलगीची पहिली काडी आणि हॅटची पहिली टिकटिक यांत ५५ मिलिसेकंदांची फट पडते. साधारण ३० च्या पुढं गेलं की कानाला ते एक न वाटता दोन वेगळे आवाज वाटतात. त्यालाच तुम्ही घासणं म्हणताय.

म्हणून हलगीला हात लावू नका, हॅट बदला. पियानो रोलमध्ये स्नॅप (ठोके कुठं चिकटतात ते) १/३ बीटवर ठेवा आणि हॅट पुन्हा लिहा. ट्रॅपसारखी भरभर हॅट हवी असेल तर १/६ बीट. हलगी पूर्ण तिनात नसून थोडीच झुकलेली असेल तर स्नॅप आहे तसाच ठेवून चॅनेल रॅकचा स्विंग हळूहळू वाढवा, काडी आणि हॅट एक वाटेपर्यंत. किक आणि स्नेअर ठोक्यावरच असल्यामुळं त्यांना धक्का लागत नाही. रॅपचा फ्लो मात्र पुन्हा ऐकून बघा. चाराच्या भागांवर घट्ट बसवलेला व्हर्स तिनाच्या हॅटवर एखाद्या ठिकाणी अडखळतो. तिथं दोन बार (एक बार म्हणजे चार ठोके) हॅट काढून टाकली तरी चालते, किंबहुना छान लागते.

झोका जुळल्यावरही हलगी मागं-पुढं वाटली तर दर चार बारला सम बघा. सम २०-२५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त सरकली असेल तर चार बारचा अख्खा तुकडा उचलून सरकवा, एकेक ठोका नाही. काप ठोक्याच्या जरा आधी, शांत जागेवर द्या आणि ५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड ठेवा, नाहीतर सांध्यावर टिच ऐकू येतं. आणि सगळा ट्रॅक सुरुवातीपासून एकाच मापानं मागं असेल तर दोष रेकॉर्डिंगच्या लेटन्सीचा, म्हणजे कॉम्प्युटरमुळं पडणाऱ्या उशिराचा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूनं जवळपास ११ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे पावणेतीन. रेकॉर्ड करताना १२८ ठेवा, मिक्सला १०२४ करा. वादकाच्या कानात ब्लूटूथ हेडफोन असतील तर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचाही उशीर पडतो. तारेचेच द्या.

हलगी पुन्हा घेणार असाल तर चामडं शेकून लगेच टेक घ्या. कातडं गार होत गेलं की सूर उतरतो, पावसाळी हवेत तर फारच लवकर. दोन टेक जोडताना पहिला टणटणीत आणि दुसरा ढिला असं होतं, आणि ते ईक्यूनं झाकत नाही. मधे मधे पुन्हा शेका. फायबरचं पान असेल तर ही काळजी नाही, खरं आवाज जास्त टोकदार येतो, त्याला ३ ते ४ किलोहर्ट्झवर थोडं दाबावं लागतं. माइक डायनॅमिक, हलगीपासून हातभर, पानाच्या मध्यावर न रोखता काठाकडं तिरका. कंडेन्सर माइकच असेल तर पॅड (आवाज कमी घेणारं बटण) दाबा. कानात क्लिक देऊ नका, किक आणि मागाचा खटका द्या. क्लिकवर चांगला वादकसुद्धा आखडून वाजवतो.

मागाबद्दल: मोठा तुकडा ९० ला ताणून बसवला असेल तर टाइम-स्ट्रेचनं खटका बोथट झाला असणार. एकच स्वच्छ खटका कापा आणि तो स्नेअरसारखा वाजवा. २०० हर्ट्झच्या खाली काढून टाका, तिथं मोटरची घरघर असते आणि ती ८०८ ला गढूळ करते.

---

फेडर_खानापूर

वरचं सगळं मान्य. आता ८०८.

फोनवर गायब होण्याचं कारण सरळ आहे. गाणं एफमध्ये, म्हणजे ८०८ चा मूळ सूर ४३.७ हर्ट्झ. फोनच्या स्पीकरमधून एवढ्या खालचं जवळजवळ काहीच निघत नाही. तिथं ऐकू यायचं असेल तर वरचे हार्मोनिक उभे करावे लागतात: ८७, १३१, १७५, २१८. फेडर वर ढकलून ते येत नाहीत, उलट मास्टरवर लिमिटर (शिखरं दाबणारा प्लगइन) चिरडतो आणि आवाज खाली जातो. ८०८ ची एक प्रत दुसऱ्या मिक्सर ट्रॅकवर काढा, १५० हर्ट्झखालचं कापा, त्यावर सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन बऱ्यापैकी चढवा, आणि मूळ ८०८ च्या खाली इतकंच मिसळा की बंद केल्यावर उणीव भासावी आणि चालू असताना वेगळं काही ऐकू येऊ नये. त्याआधी ट्यूनर लावून ८०८ खरोखर एफवर आहे का ते बघा. पॅकमधल्या फाइलीवर लिहिलेला सूर चुकीचा असू शकतो, आणि पाव सूर उतरलेला ८०८ असेल तर गाणारी मुलगीच बेसूर वाटते.

डॉल्बीवर पोकळ होण्याचं कारण वेगळं. गणपतीच्या नाहीतर लग्नाच्या सेटअपला बेसच्या पेट्या बहुतेक मोनोत चालतात. तुमच्या ८०८ वर कोरस, वाइडनर असं काही असेल तर डावी-उजवी बाजू एकत्र झाली की एकमेकींना खाऊन टाकतात. मिक्सरमध्ये ८०८ आणि किकचा स्टिरिओ सेपरेशन पूर्ण मर्जकडं न्या. मग मास्टर मोनो करून ऐका. तरीही बेस कमी झाला तर किकची पोलॅरिटी उलटी करून बघा. दोन्हींत जिथं बेस भरीव लागेल ते ठेवा. किक वाजते तेव्हा ८०८ साइडचेननं ३-४ डीबी खाली जावा आणि ८०-१०० मिलिसेकंदांत परत यावा. जास्त दाबलात तर श्वास घेतल्यासारखं पंप होतं. काही गाण्यांत ते मुद्दाम करतात, खरं हलगी असलेल्या गाण्यात नको, तिचा झोका बिघडतो.

आवाजाचं थोडक्यात. मुख्य रॅप मोनो, मधोमध. ८०-१०० हर्ट्झखाली काप, खोलीचा घुमारा असेल तर ३०० च्या आसपास २-३ डीबी कमी. कॉम्प्रेसर ४:१, अटॅक ५ ते १० मिलिसेकंद, ४-६ डीबीच खाली यावं. च, ज, श, स ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोचतात, डी-एसर तिथं. भ, फ, ध, घ यांचा श्वास थेट माइकवर आदळतो. त्यासाठी पॉप फिल्टर तर हवाच, शिवाय माइक तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर किंचित बाजूला. पुन्हा घेता येणार असेल तर ईक्यूनं झगडण्यापेक्षा तेच बरं. डबल (तेच शब्द पुन्हा म्हणून घेतलेला ट्रॅक) फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दांवर, मुख्य आवाजापेक्षा ६ ते १० डीबी खाली, ३०-४० टक्के डावी-उजवीकडं. ॲड-लिबच्या (मधे मधे टाकलेल्या आरोळ्यांच्या) ३०० हर्ट्झखालचं सगळं काढा.

वडगाव-खासबागात माग चालू असताना व्होकल घेऊच नका. लाइट गेली की माग थांबतात. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल तर सगळ्यात शांत वेळ तीच. शिवाय ५० हर्ट्झची गुणगुणही त्या वेळी नसते. पत्र्याच्या छताखाली असाल तर पावसाचा अंदाज बघून बसा.

टिळकवाडीच्या मित्राला फाइली देताना प्रत्येक ट्रॅक बार १ पासून सुरू करून वेगवेगळा काढा, मधेच सुरू होत असला तरीही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, मास्टरवर लिमिटर बंद, सगळ्यात मोठं शिखर मायनस ६ डीबीच्या आसपास. फाइलीच्या नावात बीपीएम आणि सूर लिहा. मास्टरचं शिखर मायनस १ ट्रू पीकच्या वर नको. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला मायनस १४ लफ्सच्या (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) हिशोबानं गाणं खाली आणतं, म्हणून उगाच चिरडून मायनस ६ पर्यंत न्यायचा काही फायदा नाही. हलगीचा ठोका त्यात सपाट होतो, बाकी काही नाही.

---

हक्क_आणि_हिस्सा

क्रेडिटच्या भांडणात तुमच्याकडं दोन वेगळ्या मालमत्ता एकत्र झाल्यात. एक रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे तयार झालेली मास्टर फाइल. १९५७ चा कॉपीराइट कायदा या सगळ्याला स्वतंत्र कृती मानतो. शब्द लिहिणाऱ्याचे, संगीत रचणाऱ्याचं, आणि ध्वनिमुद्रण त्याचं, ज्यानं ते तयार करायला पुढाकार आणि जबाबदारी घेतली. नुसती बीट केली म्हणून कुणी आपोआप मास्टरचा मालक होत नाही, आणि मिक्स केलं म्हणूनही नाही. खर्च कुणी केला, सगळ्यांना कुणी जमवलं, हे तुमच्या प्रश्नात नाही. ते आधी आपसात ठरवा आणि मास्टरच्या मालकाचं नाव लिहा. चौघांची मिळून मालकी असली तरी चालते, फक्त टक्के लिहिलेले पाहिजेत.

रचनेचं बघू. हिप-हॉपमध्ये रूढ पद्धत संगीताला ५० आणि शब्दांना ५० अशी आहे. बीट करणाऱ्याची मागणी त्यातनंच आलीय, आणि संगीत सगळं त्याचं असतं तर ती रास्तही होती. खरं हूकची चाल मुलीनं बसवलीय. चाल रचणं म्हणजे संगीत रचणंच, तिनं ती कागदावर लिहिली नसली तरी. गाण्याबरोबर लोकांच्या तोंडी राहणार ती हूकच. म्हणून माझ्या मते संगीताच्या ५० पैकी ३५ बीटला आणि १५ तिला. शब्दांच्या ५० पैकी मराठी रॅपरला ३०, कारण हूकही त्याचा, आणि कन्नड रॅपरला २०. आकडे तुम्ही बदला, रकाने बदलू नका.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारानं हक्क दुसऱ्याला लिहून दिला तरी रॉयल्टीचा समान हिस्सा मिळण्याचा त्यांचा अधिकार सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी एवढाच अपवाद. तेव्हा "एकरकमी घे आणि विसर" असं कुणाकडून लिहून घेतलंत तरी तेवढं कलम टिकणार नाही.

हलगीवाले मामा आणि हूक गाणारी ताई हे कायद्यानं कलाकार, म्हणजे परफॉर्मर. त्यांचा स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा, आणि त्यात आपलं नाव लागण्याचा हक्कही येतो. मानधन दिलं ते ठीक, त्याची पावती आणि रेकॉर्डिंग व्यापारी वापरासाठी आहे याची लेखी संमती घ्या. मराठीत, दोन ओळींची चालेल. त्यांना वाचून दाखवा.

हिप-हॉपच्या इतिहासात इथंच सगळ्यात मोठा अन्याय झालाय. जेम्स ब्राउनच्या ताफ्यातले ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यांचा एक ठेका शेकडो रॅप गाण्यांत कापून वापरला गेला. रचनाकारांत त्यांची नोंद नव्हती, त्यामुळं त्या वापराची रॉयल्टी त्यांना मिळाली नाही. जगभर गाजलेला ठेका, आणि वाजवणाऱ्याचं नाव कागदावर नाही. मामांचं नाव घाला, वाद्यासकट घाला.

मिक्स करणाऱ्याचा रकाना वेगळा आहे: मिक्सिंग इंजिनिअर. त्यानं बीटमध्ये भर घातली असेल, मांडणी बदलली असेल, तरच सह-निर्मिती.

क्रेडिट असं लिहा:

गायन, रॅप: (मराठी रॅपर), (कन्नड रॅपर)
हूक गायन: (नाव)
गीत: (मराठी रॅपर), (कन्नड रॅपर)
संगीत: (बीट करणारा), (हूक गायिका)
बीट आणि संगीत संयोजन: (नाव)
हलगी: (नाव)
ध्वनिमुद्रण: (नाव), वडगाव, बेळगाव
मिक्सिंग, मास्टरिंग: (नाव)
ध्वनिमुद्रणाचे मालक: (नाव किंवा नावं), साल

---

निपाणी_१६_बार

वरच्या उत्तरात एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. हलगीचा ठेका बीट करणाऱ्यानं सांगितला आणि मामांनी तसा वाजवला तर ते परफॉर्मर, बरोबर. पण मामांनी स्वतःच्या मनानं तुकडा बांधला आणि बीट नंतर त्याच्याभोवती रचली गेली असेल, तर संगीताच्या ५० मध्ये त्यांचा हिस्सा निघतो. पथकातला नेहमीचा पारंपरिक ठेका असेल तर तो कुणाच्याच मालकीचा नाही, मग परत परफॉर्मर. हे ठरवायला प्रोजेक्ट फाइल उघडा: हलगी आधी आली की बीट, ते तारखांवरून दिसतं.

फॉर्मबद्दल. कंपोझर आणि लिरिसिस्टच्या रकान्यात टोपणनाव नाही, आधार कार्डावरचं पूर्ण नाव. रॅपचं नाव फक्त कलाकाराच्या रकान्यात. दोन्ही रॅपर मुख्य कलाकार ठेवा, गायिकेला फीचरिंग. ‘फीचरिंग’ शीर्षकात हातानं टाइप करू नका, रकान्यातनं निवडा. गाण्याला आयएसआरसी हा ओळख-कोड मिळेल, १२ अक्षरी. तो त्या एका ध्वनिमुद्रणाचा असतो. रिमिक्स किंवा नुसती इन्स्ट्रुमेंटल काढलीत तर नवा कोड. तेच गाणं दुसऱ्या वितरकाकडं नेलंत तर जुनाच कोड, म्हणजे ऐकणाऱ्यांचे आकडे जुळून राहतात. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी) सभासदत्व घ्या आणि तिथंही हेच टक्के नोंदवा. दोन ठिकाणी वेगळे आकडे दिसले की पैसे अडकतात.

---

वडगावचा_खटका

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल उघडून बघितली, हलगी आधीची आहे आणि तुकडा मामांचाच. म्हणजे संगीताचे टक्के पुन्हा मांडतो.

अजून तीन गोष्टी. कन्नड रॅपर पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे, १७ वर्षांचा. सुरुवातीला एका जुन्या कॅसेटमधलं यल्लम्माचं जोगतीचं (देवीला वाहिलेल्या गायिकेचं) गाणं, चौंडकं या तारेच्या वाद्यासकट, पाच-सहा सेकंद घालायचा विचार आहे. आणि यूट्यूबचं कंटेंट आयडी (दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपलं गाणं आपोआप ओळखून दावा करणारी सोय) चालू करावं का?

---

हक्क_आणि_हिस्सा

१७ वर्षांच्या मुलाच्या सहीचा करार टिकत नाही. आई-वडिलांपैकी एकाची पालक म्हणून सही घ्या, त्याचीही खाली असू दे. करारात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. लिहिलं नाही तर कायदा मुदत ५ वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरतो.

कॅसेटमधलं उचलू नका. "पाच सेकंद चालतात" असा कुठलाही नियम नाही. गाणं पारंपरिक असलं तरी कॅसेटमधलं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं आहे, प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६५ साली प्रकाशित झालेलं ध्वनिमुद्रण ३१ डिसेंबर २०२५ ला मोकळं होतं. ज्या काळात घरोघरी कॅसेट आल्या, ते सगळं त्यानंतरचं.

उपाय सोपा आणि आपल्याच जिल्ह्यातला आहे. सौंदत्तीच्या बाजूला चौंडकं वाजवून गाणाऱ्या जोगती आहेत. एखादीला विचारून, मानधन देऊन, तेच पारंपरिक गाणं नव्यानं रेकॉर्ड करा. शब्द-चालीपुढं ‘पारंपरिक’ लिहा, गायन आणि चौंडक्यापुढं तिचं नाव. रॅप कशावर आहे ते तिला आधी ऐकवा. देवीचं गाणं आहे, ती नको म्हणाली तर नको. जत्रेत फोनवर गुपचूप टिपलेलं तर अजिबात वापरू नका. तिथं कलाकाराची संमतीच नसते.

---

संबळ_ते_सॅम्पलर

कंटेंट आयडीचं मी सांगतो. पॅकमधला लूप तुमच्याशिवाय असंख्य लोकांनी वापरलेला असणार. त्याचा परवाना तुम्हाला गाणं करू देतो, लूपवर एकट्याचा हक्क देत नाही. लूप ओळखता येईल असा असताना कंटेंट आयडी चालू केलंत तर तुमच्या नावानं दुसऱ्यांच्या गाण्यांवर दावे पडतील आणि त्यांचे तुमच्यावर. वितरक त्यावरून खातं बंद करू शकतो. फॉर्ममध्ये "इतरांना मिळणारे लूप वापरलेत का" असं विचारलेलं असेल तर हो म्हणा आणि कंटेंट आयडी बंद ठेवा.

नाहीतर ती धून स्वतः बांधा. एफ मायनरमध्येच चार बारची नवी चाल, हार्मोनियमवर वाजवून सॅम्पल केली तरी हलगीबरोबर छान बसेल. पेटी आधी ट्यूनरवर तपासा. जुनी पेटी ४४० ला नसेल तर पेटीला पिच-शिफ्टनं न छेडता ८०८ तेवढे सेंट वर-खाली करा. मग हूक मात्र नव्या सुरावर पुन्हा गाऊन घ्यावा लागेल, म्हणून मिक्सला फाइली पाठवायच्या आधी हे ठरवा.